झाडाकडून तळ्याकडे: पानशेतचा ओढा ते पाषाणचं तळं, तीन दिवस

जीवशास्त्र शिकवण्यात माझी २९ वर्षं गेली. दरवर्षी तळ्याची अन्नसाखळी फळ्यावर काढायची, आणि दरवर्षी तेच चित्र: वर सूर्य, पाण्यात शेवाळ, शेवाळ खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारा लहान मासा, मग मोठा मासा, शेवटी बगळा. काठावर एक झाडही काढायचे, पण ते चित्र रिकामं दिसू नये म्हणून. या मे महिन्यात माझी जुनी वही चाळताना भाची म्हणाली, "आत्या, या झाडाकडून तळ्याकडे बाण का नाही गं?" ती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते.

त्यावर मला काही बोलता आलं नाही. मग ठरवलं की पावसाला जोर आला की काठावरच्या झाडाची पानं तळ्यातल्या जिवांचं अन्न होतात का, ते आपणच जाऊन बघायचं. सोबत घेतलं ते एवढंच: काचेच्या सहा बरण्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जुन्या मलमलीच्या ओढणीची शिवलेली जाळी आणि एक स्टीलची ताटली. ताटलीचं काम पुढे येईल.

शुक्रवार, ११ जुलै: ओढा

सकाळी सातला कोथरूडहून निघालो आणि नऊला पानशेतला पोचलो. धरणापाशी चहा घेऊन जलाशयाच्या कडेने घोळ गावाच्या रस्त्याला लागलो. राहायची सोय ओळखीतून एका वाडीत झाली होती. खाचरांत भाताची लावणी चालू होती, बायका प्लास्टिकच्या खोळी घेऊन ओणव्या झालेल्या. डोंगराचा वरचा अर्धा भाग दिवसभर ढगातच होता.

घराच्या मागेच ओढा. वर ऐन, जांभूळ, हिरडा, अंजन असं मिश्र रान, म्हणून इथे सावली दाट. सह्याद्रीच्या या बाजूची बरीच झाडं शिशिरापासून चैत्रापर्यंत पानं गाळतात. ती पानं तीन-चार महिने जमिनीवर कोरडी पडून असतात आणि पहिल्या मोठ्या पावसात एकदम ओढ्याला लागतात. वर्षभराचा साठा दोन-चार आठवड्यांत खाली उतरतो, म्हणून आम्ही जुलै निवडला.

दोन दगडांच्या सापटीत पानांचा एक गठ्ठा अडकलेला होता. भाचीने तो अलगद सोडवून ताटात ठेवला आणि आम्ही पान-पान सुटं केलं. वरची दोन-तीन पानं हिरवी, वादळात तुटलेली. त्याखाली ऐनाची तपकिरी पानं, अजून कडक, पण बोटाला बुळबुळीत लागणारी. अगदी तळाशी नुसत्या शिरा, जाळी उरलेली, उजेडाला धरली तर आरपार दिसावं अशी. त्या जाळीवर एक बारीक नळी चिकटून होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब, वाळूचे कण आणि पानाचे तुकडे एकमेकांना चिकटवून केलेली. काडी पडली असेल म्हणून मी बाजूला सारणार, तेवढ्यात तिच्या एका टोकातून काळं डोकं आणि सहा पाय बाहेर आले. कॅडिसफ्लाय या उडणाऱ्या किड्याची अळी. पुस्तकात शंभरदा पाहिली होती, घर पाठीवर घेऊन चालताना पहिल्यांदा पाहिली.

तो बुळबुळीतपणा महत्त्वाचा. कोरडं पान म्हणजे बहुतेक लाकूडच. त्यात नत्र कमी, पचायला जड. पाण्यात पडल्यावर आधी त्यातलं विरघळणारं सगळं निघून जातं, मग त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात. ते पानाला मऊ करतात आणि स्वतःच्या शरीराचं पोषण त्यात घालतात. त्यानंतरच अळ्या आणि खेकडे त्याला तोंड लावतात. आपण पीठ आंबवून घेतो, तसं ओढा पान आंबवून घेतो.

विरघळून निघतं त्याचं काय होतं, तेही तिथेच दिसलं. कातळातल्या एका खोलगट जागी पानं साचली होती आणि तिथलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं होतं. बरणीत भरून मागे पांढरा कागद धरला तर स्वच्छ तपकिरी. गाळ अजिबात नाही. हिरड्याची पानं हातात घेताना आजोबांची आठवण आली. ते हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, उकळून शाई करायचे. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, लोहाशी गाठ पडली की काळं होतं. झाडाचा हाच अर्क ओढ्यातून जलाशयात जात असतो, डोळ्यांना न दिसता. घन पानापेक्षा या विरघळलेल्या रूपातच जमिनीवरचा कार्बन कितीतरी तळ्यांत जास्त पोचतो.

घरच्या मावशींना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "बाई, पाला सगळा वढ्याला गेला तर राबाला काय घालू?" मी गप्प झाले. भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, तो राब. पानावर शेताचाही हक्क आहे, तो मी विसरले होते. पण मावशींनीच पुढे सांगितलं की राबाला लागतो तेवढाच पाला माणूस आणतो. वणवा लागला की डोंगराचा डोंगर जातो आणि मग "वढ्याला निस्ती राख येती". वणव्याने करपलेला पलीकडचा डोंगर त्यांनी दारातूनच बोट करून दाखवला. पलीकडच्या ओढ्यात खेकडा मिळत नाही, असंही त्या म्हणाल्या. कारण एकच असेल असं मी म्हणणार नाही, पण पान खाणारा खेकडा पानाशिवाय जगेल कशावर?

रात्री जेवायला खेकड्याचा रस्साच होता. बारीक नांग्या पाट्यावर ठेचून, पाणी घालून, गाळून त्याचं दाट पाणी काढतात. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि घरचा काळा मसाला परतून त्यात ते पाणी, मग खेकडे. सोबत तांदळाची भाकरी आणि वाफाळता भात. ज्या ओढ्यात सकाळी पानं वेचली, त्याच ओढ्याचे खेकडे. मावशींनी पोटाखाली पिल्लं असलेली मादी वेगळी काढून सकाळीच परत सोडली होती.

जाणाऱ्यांसाठी: या वाड्यांमध्ये जेवण आधी सांगितलं तरच होतं, आणि लावणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं शेतात असतात, म्हणून दोन दिवस आधी फोन करा. रोख पैसे ठेवा. ओढ्यात उतरायचं तर घोट्याइतक्याच पाण्यात, आणि वर डोंगरावर अंधारून आलं की लगेच बाहेर. खाली पाऊस नसतानाही पाणी अचानक चढतं.

शनिवार, १२ जुलै: जलाशय

ही तारीख पुण्यात जुनी माणसं विसरत नाहीत. १९६१ साली याच दिवशी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, खाली खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. आई त्या दिवसाबद्दल बोलायची तेव्हा आवाज खाली यायचा. सकाळी आंबी नदीचं ते पसरलेलं पाणी समोर पाहताना मी बराच वेळ काही बोलले नाही.

पर्यटकांच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. पण वाडीतले एक दादा जाळी लावायला त्यांची होडी घेऊन एका शांत खाडीसारख्या फाट्यात जातात, काठ सोडून फार लांब नाही. वारा पडलेला होता, त्यांनी आम्हा दोघींना घेतलं. लाइफ जॅकेटं आम्ही पुण्याहूनच नेली होती.

आता ताटली. स्टीलच्या ताटलीचे चार भाग करून दोन पांढरे, दोन काळे रंगवले होते आणि मधोमध भोक पाडून खुणा केलेली दोरी बांधली होती. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. १८६५ मध्ये आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशीच पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. अजून तळ्यांच्या अभ्यासात तीच पद्धत चालते.

मोठा ओढा जलाशयाला मिळतो तिथे ताटली वीतभर खाली गेली आणि नाहीशी झाली. फाट्याच्या आतल्या बाजूला, जिथे रानातला लहान ओढा येतो, तिथे ती पुरे दोन हात खाली जाईपर्यंत दिसत होती. दोन्हीकडचं पाणी तपकिरीच म्हणावं लागेल, पण पहिलं मातीने लाल आणि दुसरं पानांच्या अर्काने किंचित पिवळसर. स्वीडन, फिनलंड, कॅनडाकडच्या कितीतरी तळ्यांत हा अर्क इतका असतो की पाणी खरोखर चहासारखं दिसतं, आणि गेल्या काही दशकांत त्यातली पुष्कळ तळी आणखी गडद होत चालली आहेत. तिथे आम्लयुक्त पाऊस कमी झाल्याने मातीतला सेंद्रिय कार्बन जास्त सुटू लागला, हे त्याचं एक मोठं कारण. गडद पाण्यात उजेड खोल जात नाही, तळाशी शेवाळ वाढत नाही आणि मासेही कमी होतात, असं स्वीडनच्या तळ्यांवरच्या कामातून दिसलं. म्हणजे जमिनीवरून येणारं अन्न तळ्याला पोसतं आणि तेच जास्त झालं तर उजेड अडवतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि हे मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

मग मलमलीची जाळी होडीमागे दहा मिनिटं ओढली आणि जमलेलं बरणीत उलटं केलं. भिंगाखाली पाण्यातले कण झटक्या-झटक्याने उड्या मारताना दिसले. काही डॅफ्निया, बाकी सायक्लॉप्स, दोन्ही कोळंबीच्या लांबच्या नात्यातले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे प्राणी. दादांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "ह्यो तर नारूचा किडा न्हवं?" हा प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. नारूच्या जंताच्या अळ्या सायक्लॉप्समधूनच माणसाच्या पोटात जायच्या, म्हणून नारूच्या काळी गावोगावी पाणी फडक्याने गाळून प्या असं सांगत. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. दादांच्या आजीच्या पायातून नारू निघाला होता म्हणे. मी त्यांना सांगितलं की नारू गेला, पण सायक्लॉप्स आहेच आणि तुमच्या जाळ्यात येणारा मासा लहान असताना यालाच खाऊन वाढतो.

होडीत बसूनच भाचीने मला तिचा विषय समजावला. पानांचा तो चहा कुठलाच मासा पिऊ शकत नाही. तो खातात जिवाणू. जिवाणूंना अतिसूक्ष्म एकपेशीय जीव खातात, त्यांना सायक्लॉप्ससारखे प्राणी, मग मासे. दर पायरीवर बराचसा कार्बन श्वासावाटे हवेत जातो, म्हणून साखळी लांबली की वर पोचणारं थोडंच उरतं. जगातल्या नद्या-तळ्यांना जमिनीवरून वर्षाला साधारण १.९ अब्ज टन कार्बन मिळतो आणि समुद्रात त्यातला ०.९ अब्ज टनच पोचतो, असा हिशोब २००७ मध्ये मांडला गेला. उरलेला वाटेत गाळात दबतो किंवा हवेत जातो. नदी म्हणजे नुसता नळ नाही, तीही श्वास घेते.

"पण सायक्लॉप्सच्या अंगातला कार्बन पानाचा की शेवाळाचा, हे कळणार कसं?" मी विचारलं. त्याचा प्रयोग अमेरिकेत मिशिगनच्या लहान तळ्यांत झाला. शास्त्रज्ञांनी अख्ख्या तळ्यात जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, सोडला. तो तळ्यातल्या शेवाळाने घेतला. काठावरच्या झाडांच्या पानांत तो नव्हता. मग पाण्यातल्या प्राण्यांच्या अंगात त्याची खूण किती येते ते मोजलं. २००४ मध्ये निष्कर्ष आला: प्राणिप्लवकांच्या, म्हणजे सायक्लॉप्ससारख्या पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांच्या, कार्बनपैकी २२ ते ५० टक्के जमिनीवरून आलेला. अमेरिकेतल्या इलिनॉयचे निसर्गअभ्यासक स्टीफन फोर्ब्ज यांनी १८८७ मध्ये तळ्याचं वर्णन स्वतःपुरतं एक छोटं जग असं केलं होतं. माझं फळ्यावरचं चित्र तिथूनच आलेलं असणार.

यावर वाद अजून चालू आहे, हेही भाचीने प्रामाणिकपणे सांगितलं. काही संशोधकांचं म्हणणं असं की पानाच्या कार्बनने संख्या टिकते पण वाढ होत नाही, कारण पिल्लांना आणि अंड्यांना लागणारी ओमेगा-३ मेदाम्लं शेवाळात असतात, झाडाच्या पानात जवळजवळ नसतात. मी तिला म्हटलं, म्हणजे पान ही भाकरी आणि शेवाळ हे दूध-तूप. नुसत्या भाकरीवर माणूस तग धरतो, पण अंगी लागायला दूध-तूप हवं; आणि दुष्काळात दूध आटतं तेव्हा भाकरीच तारते. तिला ते पटलं. ढगाळ पावसाळ्यात पाणी गढूळ असताना शेवाळ मंदावतं, तेव्हा ही भाकरी किती कामी येत असेल याचा मी दिवसभर विचार करत होते.

दादांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. मृगाचा पाऊस लागला की मासे ओढ्यात उलटे चढतात, अंडी घालायला. त्या दिवसांत काठावरचं गवत आणि पाला नुकताच बुडलेला असतो, पाणी उथळ आणि कोमट असतं. "पिल्लास्नी तिथं खायाला गावतंय," इतकंच ते म्हणाले. जे समजायला मला २९ वर्षं आणि एक भाची लागली, ते त्यांनी चढणीचे मासे धरता-धरता शिकून घेतलं होतं.

दुपारी परतताना मात्र अडकलो. रस्त्यावर दरड आली होती आणि जेसीबी येईपर्यंत तीन तास तिथेच काढले. पुढे एक दुधाचा टेम्पो उभा होता. त्या चालकाने आपल्या डब्यातली मेथीची भाजी आणि भाकरी आम्हाला अर्धी दिली आणि नको म्हणू दिलं नाही. दरडीच्या वर डोंगर उभा कापलेला होता, वरची झाडं काढलेली. तिथून लाल माती अखंड ओघळत होती आणि रस्ता ओलांडून जलाशयाकडे जात होती. सकाळी जिथे ताटली वीतभरात बुडाली, तिथली लाली कुठून येते ते समोर दिसत होतं. रानातून येणारं पाणी जेवण घेऊन येतं. उघड्या डोंगरावरून येणारं पाणी उजेड अडवतं, तळ भरून टाकतं आणि खायला फारसं काही आणत नाही. पुण्याच्या चार धरणांत मिळून २९.१५ टीएमसी पाणी मावतं असं आपण पाठ म्हणतो. त्या आकड्यात दरवर्षी येणारी ही माती धरलेली नाही.

जाणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात घोळच्या रस्त्यावरून दुपारी चारच्या आत परतीला लागा. मोबाइलची रेंज मधे बराच वेळ नसते. जलाशयात पोहायला उतरू नका, काठावरचा चिखल दिसतो त्यापेक्षा खोल असतो.

रविवार, १३ जुलै: खडकवासला आणि पाषाण

खडकवासल्याच्या चौपाटीवर नेहमीची रविवारची गर्दी. भाजलेलं कणीस, लिंबू-तिखट चोळून, पावसात उभं राहून खाल्लं आणि पुढे निघालो. शेवटचा मुक्काम भाचीच्या आग्रहाने पाषाण तलाव.

राम नदीवर ब्रिटिशांच्या काळात हा तलाव झाला. गव्हर्नरच्या बंगल्याला, म्हणजे आजच्या विद्यापीठाला, इथून पाणी जायचं. लहानपणी बाबांबरोबर मी इथे हळदी-कुंकू बदकं पाहायला यायचे. आता पाण्याचा मोठा भाग जलपर्णीने झाकलेला आहे आणि वास काठावरच्या पायवाटेपर्यंत येतो.

इथेही जमिनीवरूनच सेंद्रिय पदार्थ येतो, पण तो घरांच्या सांडपाण्याचा. ऐनाचं पान कुजायला महिने घेतं, जिवाणूंना दमादमाने पुरतं. सांडपाणी तयार, पचलेलं, मऊ अन्न असतं. जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपवतात. त्यासोबत नत्र-स्फुरद येतं, जलपर्णी फोफावते, तिच्याखाली उजेड नाही म्हणून शेवाळ प्राणवायू करत नाही, आणि तीच मेली की पुन्हा कुजायला भर. आम्ही उभे होतो तिथे चार-पाच चिलापी पृष्ठभागाशी तोंडं आणून उघडझाप करत होत्या. वरच्या पातळ थरातलाच काय तो प्राणवायू. काठावर रोज येणारे एक आजोबा भेटले. ते म्हणाले, पहाटे या, तेव्हा शंभरावर तोंडं दिसतात. ते बरोबर सांगत होते; रात्रभर सगळ्यांनी श्वास घेतल्यावर प्राणवायू पहाटेच सर्वांत कमी असतो.

चिखलातून भाचीने काडीने थोडा गाळ उचलला. त्यात लालभडक वळवळणाऱ्या अळ्या होत्या, मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात त्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून इतक्या कमी प्राणवायूत त्या तगतात. बाकीचे गेले की अशा दोन-तीन जातीच उरतात. त्यांचे पंख फुटलेले किडे संध्याकाळी पाण्यावरून थव्याने उठतात आणि पाकोळ्या ते टिपतात, म्हणजे इथेही तळं जमिनीला काही परत देत आहे. वेळूच्या बेटाशी एक जांभळी पाणकोंबडी पिल्लांना घेऊन जलपर्णीवरून चालत होती. राम नदीचं पाणी स्वच्छ होऊन इथे आलं तर हे तळं सावरेल असं मला मनापासून वाटतं. पाणकोंबडी अजून हा तलाव सोडून गेलेली नाही.

घरी येऊन आज आठ दिवस झाले. तीन बरण्या खिडकीत ठेवल्या होत्या, सावलीत, झाकणं सैल. पाषाणची बरणी तिसऱ्या दिवशीच काळी पडली आणि तिला इतका वास सुटला की गच्चीत नेऊन ठेवावी लागली. ओढ्याच्या बरणीत ऐनाचं पान अर्धं जाळी झालंय आणि पाणी तसंच चहाच्या रंगाचं आहे. फाट्यातल्या बरणीत मी त्याच ओढ्याची दोन पानं टाकली होती. काल भाचीने भिंग लावलं आणि मला हाक मारली. एक सायक्लॉप्स मादी काचेला लागून थांबली होती, शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांची एक-एक पिशवी घेऊन.